ब्रह्माघाटावरून दक्षिणेला

मी खोली बघायला गेले तो दिवस जूनमधला होता. बनारसचा जून. गल्लीतली कुत्री नळाखालच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडली होती आणि गाय अंगावर आली तरी जागा सोडत नव्हती. बँकेतल्या एका सहकाऱ्यानं पत्ता दिला होता : ब्रह्माघाटाच्या वरची गल्ली, मराठी घर, वरची खोली रिकामी, बाई एकट्याच राहतात, "जरा वेगळ्या आहेत, पण त्रास काही नाही." मी कडी वाजवली. उंच, सडसडीत, पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी दार उघडलं. माझं नावगाव विचारायच्या आधीच त्यांनी माझ्या तळव्यावर काहीतरी गरम आणि चिकट ठेवलं.

"तिळगूळ घे, गोड बोल."

मी तळव्याकडे पाहिलं. गुळाचा पाक होऊन तो मनगटाकडे निघाला होता.

"संक्रांत जानेवारीत असते ना?" मी विचारलं.

"ती इथली. दक्षिणेत आत्ता वर्षातले सगळ्यात लहान दिवस चालू आहेत, कडाक्याची थंडी आहे. थंडीत तीळ खायचे असतात, गरम पडतात. ये आत. पाय पोछून ये."

मी सांगलीची. दक्षिण म्हटल्यावर मला कोल्हापूर आठवलं, फार तर बेळगाव. बाईंच्या हिशेबी कन्याकुमारीसुद्धा उत्तरेतच मोडते, हे मला पुढं कळलं.

गल्लीत त्यांना सगळे बहिनजी म्हणत. एका मुलींच्या शाळेत त्यांनी उभा जन्म भूगोल शिकवला होता आणि त्या मुलखात शिक्षिकेला बहिनजी म्हणायची रीत आहे. आसपासच्या मराठी घरांत त्या आत्या होत्या. मीही आत्याच म्हणू लागले. त्यांचे पूर्वज कधीकाळी कोकणातून वेद शिकायला आले आणि इथलेच झाले. घरातले बाकीचे पुरुष पौरोहित्यात, नाहीतर पुढं पुण्याकडे नोकऱ्यांत गेले. आत्यांनी लग्न केलं नाही, देवधर्माकडे फारसं बघितलं नाही, स्वयंपाक पोटापुरता केला. त्यांचं मन रमलं ते पृथ्वीच्या तळाशी. शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगतात ना, त्याच्या अगदी खाली, लाकडी दांडा लावलेला असतो त्याच्या जरा वर, निळ्या रंगात माशी बसल्यासारखे ठिपके असतात. ती त्यांची माणसं.

हे वेड कुठून आलं, असं विचारलं की त्या दर वेळी नवं कारण सांगत. त्यातलं मला पटलेलं एकच. "माझी खुर्ची भिंतीला लागून होती आणि नकाशाचा तळ बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. पोरी पेपर लिहीत बसायच्या, मी ती बेटं वाचत बसायची. वरच्या देशांकडे सगळी दुनिया बघते गं. यांच्याकडे कोण बघणार?"

त्या बेटांना त्यांनी मराठी नावं ठेवली होती. एका ओसाड, कायम पावसाळी बेटाला 'उजाडबेट', बर्फानं झाकलेल्या आणि जवळपास दुसरं काहीच नसलेल्या एकाला 'एकलकोंडे'. फॉकलंड बेटांवरून दोन देश भांडतात, त्यात आपण पडायचं नाही म्हणून ती 'मेंढीबेटं'. आणि तिकडचे वारे! चाळीस अक्षांशाच्या खाली वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, तो पृथ्वीभोवती सुसाट फिरत राहतो. जुन्या खलाशांनी त्या पट्ट्यांना नावं दिली होती. आत्यांनी ती मराठीत आणली : गरजणारी चाळिशी, पिसाळलेली पन्नाशी, किंचाळणारी साठी. मी खोलीवर राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं वय विचारलं. मी एकोणचाळीस म्हटलं. "मग सांभाळून," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षापासून गरजणार तू. मी साठीत इतकी किंचाळले की दूधवाला बाहेरूनच दूध ठेवून जायचा. लोक म्हणायचे साठी बुद्धी नाठी. बुद्धी जाग्यावर होती, वारा होता तो. सत्तरीत गेलं की सगळा बर्फ लागतो. एकदम शांत."

सत्तरी ओलांडलेल्या आत्या शांत होत्या असं म्हणवत नाही.

शेजारी एक गुरुजी राहत. त्यांच्याकडे चार-सहा मुलं वेद शिकत आणि पहाटेपासून त्यांचा स्वर आमच्या भिंतीतून झिरपत असे. गुरुजींना आत्यांचं काही पटत नसे, पण त्यांच्याशी बोलल्याशिवाय त्यांचा दिवसही जात नसे. मुख्य तक्रार दिशेची. आत्या दक्षिणेकडे तोंड करून जेवायच्या, दक्षिणेकडे तोंड करून वाचत बसायच्या आणि झोपताना पायही तिकडेच.

"अहो, यमाची दिशा आहे ती!" गुरुजी ओट्यावरून म्हणायचे. "जिवंत माणसानं असं करू नये."

"यमाच्या घरापलीकडेसुद्धा वस्ती आहे, गुरुजी. पेंग्विन आहेत."

"ते काय खातात?"

"मासे."

गुरुजी थोडा वेळ विचार करत. "मग तिकडेच आहेत ते बरं आहे."

आत्यांच्या फोनवर हवामान दाखवणारी पाटी होती. तिच्यावर जगाच्या खालच्या टोकाची सगळी ठिकाणं ओळीनं लावलेली, काशी मात्र नव्हती. मे महिन्यात आम्ही ओले टॉवेल डोक्यावर घेऊन खालच्या खोलीत बसायचो, बत्ती गेलेली असायची, आणि आत्या वाचून दाखवायच्या : मेंढीबेटांवर दोन अंश, उजाडबेटावर गारांचा पाऊस. ऐकून खरंच बरं वाटायचं. मग त्या खिडकी खोलायला सांगायच्या आणि काशी लूची गरम झळ होऊन आत यायची. उलट डिसेंबरात, गल्लीतला समोरचा माणूस धुक्यात दिसत नसताना, त्या सुती साडीत फिरायच्या, कारण तिकडे उन्हाळा चालू होता. शिंका आल्या तर हळद-दूध घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ऊन बाधलं."

काशीबद्दल त्या कधी बोलत नसत. माझ्या ओळखीतल्या सगळ्या बनारसवाल्यांना काशी सोडून दुसरा विषय नव्हता. यांना तो एकच विषय वर्ज्य होता. माझी आई सांगलीहून आली तेव्हा तिनं हौसेनं विचारलं, "कोणकोणते घाट बघू?" आत्या म्हणाल्या, "पायऱ्या आहेत सगळीकडे. एक बघितला की झालं." आई वर येऊन मला म्हणाली, "अगं, ही बाई इथली आहे ना नक्की?"

पंचगंगा घाटावर लल्लन नावाचा नाववाला होता. त्याची बहीण आत्यांच्या हाताखाली शिकलेली, म्हणून त्याला बहिनजींचा अभिमान होता. बहिनजींना दक्षिणेकडचा माणूस भेटवायचा, असं त्यानं मनावर घेतलं होतं. घाटावर देशोदेशीचे लोक येतात, त्याला काय तोटा! एकदा तो मदुराईचं अख्खं कुटुंब घेऊन आला. आत्यांनी त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. एकदा रामेश्वरचे एक पुजारी आले. त्यांना वाटलं इथं जेवण आहे. मग त्यानं जरा विचारपूस करून ऑस्ट्रेलियाची एक मुलगी आणली. "थोडं चुकलं," आत्या म्हणाल्या, "पण दिशा बरोबर आहे. आणखी खाली जा."

आणि एप्रिल संपता संपता एका सकाळी लल्लन पायऱ्यांवरून ओरडतच वर आला. "बहिनजी! मिल गया! एकदम नीचे वाला!"

त्याच्या मागं दोन नाववाल्यांच्या खांद्यांवर हात टाकून एक साठीपुढचा गोरा माणूस येत होता. तोंड विटेसारखं लाल, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. आदल्या दिवशी त्यानं कचोरी, जिलबी, लस्सी आणि गोलगप्पे हे सगळं एका दमात खाल्लं होतं आणि रात्रभरात त्याचं जे व्हायचं ते झालं होतं. लल्लननं डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं, डॉक्टरनं आराम सांगितला होता. कुठून आलात विचारल्यावर तो नावेच्या तळाशी पडल्या पडल्या म्हणाला होता, "फॉकलंड." तेवढं नाव लल्लनला तोंडपाठ होतं. त्यानं नाव तिथंच वळवली.

आत्यांनी त्या माणसाकडे बघितलं, आणि दाराची दुसरी फळी उघडली. मग त्या म्हणाल्या, "याला आत आण. जपून. डोकं चौकटीला लागेल."

खालच्या खोलीत त्याला झोपवलं. मऊभात, मेतकूट, ताक, बेलाचं सरबत, डॉक्टरच्या गोळ्या. मी बँकेत जाताना आणि आल्यावर बघायची, आत्या उशाशी बसलेल्या. दोन दिवस त्यांनी कसाबसा धीर धरला. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला आणि त्यांनी शाळेतल्या कडक इंग्रजीत सुरुवात केली.

"तुमच्याकडे दगडांच्या नद्या आहेत ना? डोंगरावरून खाली येणाऱ्या, नुसत्या दगडांच्या?"

"आहेत."

"कशा दिसतात?"

"दगडांसारख्या."

"अल्बट्रॉस पाहिलाय?"

"रोजच."

"उडताना कसा दिसतो?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "मोठा."

आत्या बाहेर येऊन मला म्हणाल्या, "अजून कमजोरी आहे त्याला."

पण कमजोरी नव्हती. माणूसच तसा होता. जन्मभर मेंढ्या राखलेल्या, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी एक बहीण. आणि त्याला लहानपणापासून एकच इच्छा होती : एकदा तरी अंगाला घाम फुटेल अशा उन्हात बसायचं. बरा झाला तसा तो आमच्या गच्चीवर भर दुपारी जाऊन बसू लागला. लल्लननं गमछा दिला होता तो डोक्यावर, घाम गळतोय, चेहऱ्यावर समाधान. संध्याकाळी घाटावर. गल्लीतली मुलं त्याला 'पिंगूनवाले बाबू' म्हणत मागं फिरायची. "इथं सगळं आहे," तो आत्यांना म्हणाला. "माणसं, आवाज, वास, देव, म्हशी. आमच्याकडे काही नाही. वारा आहे."

"काही नाही कसं?" आत्यांचा आवाज चढला. "पाच जातींचे पेंग्विन आहेत."

"चार."

"पाच! आयुष्यभर शिकवलंय मी!"

"काय शिकवलंय?" त्यानं विचारलं. त्याला खरंच कुतूहल होतं. "तिथं शिकवण्यासारखं काय आहे?"

त्या दिवसापासून दोघांचं रोज भांडण. तो मेंढीबेटांना नावं ठेवायचा, या काशीला. तो म्हणायचा, झाड नाही. या म्हणायच्या, झाड काय कामाचं, माकडं बसतात. तो म्हणायचा, शेजारी इतका लांब की त्याच्याशी भांडताही येत नाही. या म्हणायच्या, सुदैव म्हणा. गुरुजी ओट्यावर येऊन बसत, त्यांना इंग्रजी फारसं कळत नसे, पण बाजू ते काशीची, म्हणजे पाहुण्याची घेत.

जाताना पाहुणा दारात थांबला, जोडे घातले, आणि बेटावरचा माणूस जितकं लांब भाषण करू शकेल तितकं त्यानं केलं. "घर मोठं आहे. बहिणीला बोलायला कोणी नाही. तुम्हाला बोलायला आवडतं. या."

आठवडाभर आत्यांनी फोनवरची हवा वाचली नाही. मग एका सकाळी चहाचा कप हातात देत म्हणाल्या, "पासपोर्टला काय काय लागतं गं?"

चौकशीला पोलीस आला तो जवान मुलगा होता. "जाना कहाँ है, बहिनजी?" आत्यांनी ॲटलास उघडून बोट ठेवलं. त्यानं वाकून बघितलं, पान उलटून मागच्या बाजूला बघितलं, परत पुढं आला. "इसके नीचे तो कुछ है ही नहीं." 

"वही तो," आत्या म्हणाल्या.

खरा विरोध झाला तो पुढं. पुण्याच्या भाच्यानं फोनवर डोक्याला हात लावल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला. "आत्या, या वयात लोक काशीला येतात! तू काशीतून निघालीस?" आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. आमच्या भागात अशी म्हातारी माणसं होती जी हयातीत पुन्हा काशीची शीव ओलांडायची नाही असं ठरवून बसली होती, मुलीच्या लग्नालाही न जाणारी. न जाणो, बाहेर असताना डोळे मिटले तर! गुरुजींनी या वेळी ओट्यावरून नाही, घरात येऊन, समोर बसून सांगितलं. थट्टा नव्हती. "तुमचे वडील माझ्या वडिलांचे गुरुबंधू. म्हणून बोलतो. तिकडे काही बरंवाईट झालं तर जन्मभर इथं राहून मिळवलेलं सगळं गेलं. मोक्ष गेला."

आत्यांनीही थट्टा केली नाही. त्या म्हणाल्या, "तो एक महिना थांबेल, गुरुजी. इतके दिवस थांबलाय."

गुरुजी गेले. त्यांचा चेहरा पडला होता. पण चार दिवसांनी तेच पंचांग घेऊन परत आले, कारण तिकिटं काढून झाली होती आणि निघायचा वार गुरुवार होता. "गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल," ते म्हणाले. "बाकी काही ऐकू नका, एवढं ऐका. गुरुवारी दक्षिणेला निघू नये."

"पण मी गुरुवारी दक्षिणेला कुठं चालले? बाबतपूरहून विमान दिल्लीला जातं. दिल्ली वायव्येला."

"मग?"

"मग युरोप. तोही वायव्येलाच."

"आणि दक्षिणेला कधी वळणार?"

"शुक्रवारी."

गुरुजींनी बोटांवर मोजलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "शुक्रवारी हरकत नाही."

डिसेंबरात आत्या गेल्या. बरोबर मेतकूट, गोडा मसाला, पाहुण्यानं आवर्जून मागितलेली गंगाजळाची बंद लोटी, आणि मी जबरदस्तीनं दिलेला माझा जाड कोट. कारण उन्हाळा असला तरी तो मेंढीबेटांवरचा उन्हाळा, हे त्यांनीच मला शिकवलं होतं आणि स्वतः विसरल्या होत्या.

पहिला व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी, गुरुजी आणि लल्लन फोनभोवती डोकी लावून बसलो. आता अल्बट्रॉस, आता दगडांच्या नद्या! आत्यांचा चेहरा दिसला, डोक्याला लोकरीची टोपी. "धुकं पडलं का गं?" त्यांनी विचारलं. "मलइयो आला का बाजारात?" मलइयो म्हणजे दुधाचा केशरी फेस, थंडीतच मिळतो. आत्यांना तो खाताना मी कधी पाहिलं नव्हतं. "गुरुजींच्या मुलांचं पहाटेचं चालू आहे ना? इथं सकाळी काहीच ऐकू येत नाही. जाग येते आणि वाटतं बहिरी झाले."

"पेंग्विन बघितले का?" मी विचारलं.

"हो, आहेत. पाच जाती आहेत, त्याला कबूल करावं लागलं. ते जाऊ दे. लल्लन, घाटाची ती तुटकी पायरी दुरुस्त झाली का रे?"

असे दोन-तीन फोन झाले. मग एके दिवशी बँकेत असताना पाहुण्याचाच फोन आला. त्याच्या मागं असा आवाज होता की जणू कोणी प्रचंड कापड फाडतंय. तो ओरडून बोलत होता. "त्या पडल्या. हात मोडला. डॉक्टरकडे आणलंय. पण त्या हसतायत. थांबतच नाहीत. हे नेहमीचं आहे का?"

मी काउंटरवरून उठून आत गेले. गुरुजी म्हणाले होते ते डोक्यात घुमत होतं. आत्यांचं हसू पलीकडून ऐकू येत होतं, शाळकरी पोरीसारखं. "नेहमीचं नाही," मी म्हटलं. ते हसू परत ऐकू आलं. "पण चालेल," मी म्हटलं.

जानेवारी संपता संपता त्या परत आल्या, मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर. गल्लीत बातमी आधीच पोचली होती आणि बायका बघायला येऊ लागल्या. फोटोंवर कोणाचा विश्वास बसला नाही. मोकळ्या माळाचा फोटो बघून लल्लन म्हणाला, "ई त मिर्जापुर क पहाड़ी हौ." पेंग्विन बघून समोरच्या मिश्राइन म्हणाल्या, असे प्राणिसंग्रहालयात असतात. पण प्लास्टर सगळ्यांनी हात लावून बघितलं. "हवा ने तोड़ा?" "हवा ने." हात मोडणारा वारा म्हटल्यावर बाई कुठंतरी लांबच जाऊन आल्या, यात शंका राहत नव्हती. गुरुजींनी प्लास्टरकडे बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले, "परत आलात." आणि पंचा डोळ्यांना लावून घरी गेले.

आत्यांना एका हातानं केस विंचरता येत नव्हते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी त्यांना गच्चीवर उन्हात बसवून वेणी घालत होते. त्यांचं तोंड पलीकडे होतं म्हणूनच बहुधा त्या बोलल्या.

"कशी पडले सांगू? गाडीचं दार खोललं. तो ओरडला, घट्ट धर! मी घट्टच धरलं गं. तेच चुकलं. वाऱ्यानं दार ओढलं आणि दाराबरोबर मला. दाणकन गवतावर. हात कुठं गेला कळलं नाही. पडल्या पडल्या वरून वारा जातोय, उठू देत नाही, आणि मला हसू फुटलं."

"का?"

"खरा होता ना तो. तुला नाही समजायचं. इतकी वर्षं पोरींना सांगत आले, असा वारा असतो, तसा बर्फ असतो. मी काय बघितलं होतं? समुद्रसुद्धा बघितला नव्हता. पुस्तकात लिहिलं ते मी बोलले. रोज बोलायची आणि आतून धाकधूक. हे सगळं झूठ निघालं तर? इतक्या पोरी माझं ऐकून, परीक्षा देऊन, आपापल्या घरी गेल्या. कोणाकोणाला बोलावून सांगणार होते? म्हणून तिथं पडले आणि वाटलं, सुटले. एकदम बरोबर शिकवलं होतं."

मी वेणीचा पेड घातला.

"पण पुढं एक घोटाळा झाला," आत्या म्हणाल्या. "तिथल्या लोकांनी एका संध्याकाळी हॉलमध्ये बोलावलं, तुमच्या गावाबद्दल सांगा म्हणाले. मी फळ्यावर गंगा काढली, डाव्या हातानं. कशी वळते, कशी इथं उत्तरेला वाहते. आणि काय झालं मला, बोलतच सुटले. आपल्या पंचगंगेपासून अस्सीपर्यंत एकेक घाट घेतला. त्या लोकांनी माझ्यामागं म्हटले सुद्धा, पाढे म्हणतात तसे. मग मागं एक म्हातारी विणत बसली होती, तिनं विचारलं, हे सगळे तुम्ही पाहिलेत?" 

"मग?"

"मी हो म्हटलं." आत्यांनी मान वळवली, वेणी माझ्या हातातून सुटली. "झूठ बोलले गं. मी पंचगंगा, दुर्गा, ब्रह्मा, फार तर मणिकर्णिकेपर्यंत पायी गेलेली बाई. नावेत बसून अस्सीपर्यंत कधी गेलेच नाही. लोकांनी म्हटलेले ऐकून ठेवले होते. लल्लनला फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ता."

लल्लननं नाव पंचगंगेला लावली. प्लास्टरचा हात सांभाळत आत्यांना उतरवायला चार माणसं लागली आणि चौघांनाही त्या दटावत होत्या. नाव प्रवाहाविरुद्ध, दक्षिणेला निघाली. आत्या पुढच्या फळीवर ताठ बसल्या. एकेक घाट आला की मोठ्यानं नाव घेत, लल्लनकडे बघत, तो मान हलवी, मग पुढं. मणिकर्णिकेच्या चितांच्या धुरातून जातानाही त्यांची नजर घाटाच्या पाटीवर होती. दशाश्वमेध झाला, अहिल्याबाई झाला. पायऱ्या, छत्र्या, वाळत घातलेल्या साड्या, म्हशी. जन्मभर शेजारी असलेलं सगळं त्या गावात नव्यानं आलेल्या बाईसारखं बघत होत्या आणि मधेच विसरून "अय्या" म्हणत होत्या. मुन्शी. दरभंगा. "आता चौसट्टी," त्या म्हणाल्या.

"ना बहिनजी," लल्लन म्हणाला. "पहिले राणामहल. चौसट्टी उसके बाद."

"चौसट्टी आधी."

"बहिनजी, सामने देखिए न."

आत्यांनी समोर बघितलं. भिंतीवर 'राणामहल' अशी अक्षरं रंगवलेली होती. त्यांचा चेहरा उतरला. "मोटर बंद कर," त्या म्हणाल्या. आणि मला, "त्याला लाव."

मेंढीबेटांवर सकाळ होती. पाहुण्यानं फोन उचलला आणि त्याच्या मागून तो फाटक्या कापडाचा आवाज आमच्या नावेत आला. लल्लननं दचकून आकाशाकडे पाहिलं.

"माझी चूक झाली," आत्यांनी शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं. "तुमच्या हॉलमधल्या सगळ्यांना निरोप द्या. दरभंगानंतर राणामहल. चौसट्टी त्याच्यानंतर. मी उलटं सांगितलं. ती विणणारी बाई होती, तिला आधी सांगा."

पलीकडून काहीतरी म्हटलं गेलं. 

"वाऱ्यात ऐकू येत नाहीये त्याला," आत्या म्हणाल्या, आणि उभ्या राहिल्या. नाव डुलली. मी त्यांचा पदर धरला, लल्लननं पाय. त्यांनी फोन तोंडाशी नेला आणि एकेक अक्षर सुटं करून, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडल्या, "रा! णा! म! हल!"

पायऱ्यांवर एक माणूस अंगाला साबण लावत बसला होता. त्यानं डोळ्यांवरचा फेस पुसला, आपल्यालाच विचारलंय असं समजून मागच्या भिंतीकडे एकदा वळून बघितलं, आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "हाँ माताजी! यही है!"

"ऐकलंत?" आत्या फोनमध्ये म्हणाल्या. "आता लिहून घ्या."